१३०, १२१ आणि मागची सीट

लांब पोस्ट आहे. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

माझं वजन १२१ किलो. उंची सहा फूट. वय ४१. आणि यंदाच्या दसऱ्याला मी आयुष्यातली पहिली मोटरसायकल घेतली.

"सर, आधी वजन कमी करा" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांना सांगून ठेवतो. डॉक्टर सांगतात, बायको सांगते, काटा तर रोज सांगतो. प्रयत्न चालू आहेत. पण वजन उतरायला वर्ष लागणार आणि शाळा सोमवारी सकाळी भरणार. ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडं जाड माणसानं काहीही विचारलं, शर्टाचा साईज विचारला तरी, उत्तर एकच मिळतं.

घर कराडला, शाळा पाटण तालुक्यात डोंगरावर. सात वर्षं एका सहकारी सरांच्या चारचाकीत शेजारी बसून गेलो. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. जूनपासून फाट्यापर्यंत बस आणि पुढं सहा किलोमीटर चढ. त्या सहा किलोमीटरसाठी हात करून लिफ्ट मागायची. पावसात फाट्यावर उभं राहून मी चार महिने एक गोष्ट बघितली. दुचाकीवाला लांबून हात बघतो, गाडी हळू करतो, जवळ आल्यावर मला नीट बघतो, आणि पुन्हा गिअर टाकून निघून जातो. राग यायचा, पण त्याचं चुकत नव्हतं. का चुकत नव्हतं ते पुढं येईल.

तर गाडी घ्यायची ठरलं. पहिल्या शोरूममध्ये गेलो तर सेल्समन पोरानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "सर, तुम्हाला बुलेटच शोभतीय." मी विचारलं, "शोभतीय ते ठीक, पण ही गाडी वजन किती घेते?" तो म्हणाला, "कितीबी घेतीय सर. चौघं बसत्यात." दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर मॅनेजर हसले. "सर, आजपर्यंत असं कुणी विचारलं नाही." ॲव्हरेज किती, पिकअप कसा, हप्ता किती बसतो, एक्स्चेंजला काय धरता, हे सगळे विचारतात. गाडी किती किलो पेलते हे कुणी विचारत नाही.

आणि तो आकडा असतो. प्रत्येक गाडीला असतो. मॅन्युअलमध्ये असतो, गाडीच्या विक्री प्रमाणपत्रावरूनही काढता येतो. तिथं रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं आणि भारासहित जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरतं ते तुमचं. म्हणजे तुम्ही, मागं बसणारा, दोघांची हेल्मेटं, दप्तर, डबा, डिकी, टाकीवर ठेवलेली भाजीची पिशवी, सगळं त्यात आलं.

आपल्याकडं घरटी एक असते ती शंभर-एकशे दहा सीसीची गाडी घ्या. तिचं स्वतःचं वजन ११०-११२ किलो, आणि पेलायची मर्यादा १३० च्या आसपास. १३० ला दोनानं भागा. ६५ आले. म्हणजे गाडी बनवणाऱ्यानं ६५ किलोचे दोन नवरा-बायको मनात धरलेत, आणि तेही रिकाम्या हातानं निघालेले.

माझे १२१, हेल्मेट, रेनकोट, बूट, दप्तर आणि डबा मिळून सहा किलो. झाले १२७. मी एकटा म्हणजे त्या गाडीवर डबलसीट. तीन किलो शिल्लक राहतात, त्यात एक कोबी बसेल.

आता मला हसू नका. हा आकडा फक्त जाड माणसाचा नाही. आमच्या भागात सकाळी दूध घालायला जाणारा बघा. चाळीस लिटरचे दोन कॅन दोन्ही बाजूंना. नुसतं दूधच ८० किलोंच्या वर, कॅनचं लोखंड वेगळं, चालवणारा वेगळा. युरियाचं पोतं ४५ किलोचं. दोन पोती मागं आणि एक टाकीवर घेऊन जाणारे शेतकरी रोज दिसतात. त्यांच्याकडं बघून कुणी म्हणत नाही की गाडी मोडंल. मी बसलो की मात्र म्हणतात, "मास्तर, शॉकॲब्सॉर्बर बघा." किलो दोन्हीकडं सारखाच असतो राव.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ म्हणतं, दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस. तिघं दिसले की पोलिस पावती फाडतात, बरोबर आहे. पण रस्त्यावर मोजली जातात ती डोकी. ५० किलोची तीन पोरं म्हणजे दीडशे किलो, गुन्हा. मी आणि माझ्यासारखा दुसरा मिळून अडीचशे किलो, सलाम ठोकून सोडतील.

हे सगळं मी एवढं खोदून का बघितलं, ते आता सांगतो. हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

२००३ साल. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. मी आणि माझा मित्र गुहागरला समुद्र बघायला निघालो, त्याच्या वडिलांच्या शंभर सीसी गाडीवर. तो पुढं, मी मागं. कुंभार्ली घाट उतरताना मागचा टायर फुटला. ट्यूबचा टायर, फुटला की हवा एका क्षणात जाते. गाडी शेपटासारखी दोनदा हलली आणि आडवी झाली. मी गवतात पडलो, कोपर सोललं. त्याचा उजवा पाय गाडीखाली. पायात रॉड बसला. तो तेव्हा पोलिस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला पळायला जायचा. त्यानंतर तो कधी पळाला नाही. आजही चालताना उजव्या पायावर जरा झुकतो.

त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. त्याच्या आईनं दवाखान्यात मला चहा दिला. पण वॉर्डाबाहेर कुणीतरी पाहुणा म्हणाला, "एवढा हत्ती मागं बसवल्यावर दुसरं काय होणार." ते मी ऐकलं. तेव्हापासून मी कुणाच्या मागं बसलो नाही आणि पुढं बसायची तर हिंमतच झाली नाही. बावीस वर्षं. लोकांना सांगायचो, मला गाडीची आवड नाही.

यंदा जुलैत मॅन्युअल बघत बसलो असताना मी कागदावर मांडून बघितलं. माझे तेव्हाचे ९६, त्याचे ८२. दोन सॅका धरा आठ किलो. एकूण १८६. मर्यादा १३०. छप्पन किलो जास्त. घाट उतार, ऊन, जुना टायर.

तो कागद खिशात घालून त्याच्या दुकानात गेलो. त्याचं आता खतं-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक गेल्यावर कागद पुढं ठेवला. त्यानं चष्मा लावून बेरीज तपासली. दुकानदाराची सवय. मग म्हणाला, "ह्यात एक आकडा ऱ्हायलाय. हवा. मी महिनाभर हवा बघितली नव्हती. टायर दाबला तर बोट आत जात होतं, सकाळीच दिसलं होतं. म्हटलं पुढं भरू." मग गप्प बसला. मग म्हणाला, "ही गोष्ट मी आण्णांनापण सांगितली नाही. तुला कुठनं सांगू."

वजन जास्त आणि हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून वाकून तापते. दोन्ही एकत्र आले. कुणाचं किती हे आता कळायला मार्ग नाही. आम्ही दोघं बावीस वर्षं वेगवेगळ्या कारणानं गप्प होतो.

तो म्हणाला, "चल, गाडी बघायला मी येतो."

तर पुढचं सगळं आम्ही दोघांनी मिळून केलं. कुणा जाड्या माणसाला, किंवा दूधवाल्याला, उपयोग होईल म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

पहिली गोष्ट, चालवायला शिकलो ती त्याच्या १२५ सीसी गाडीवर, रविवारी मार्केट यार्डात. सुरुवातीलाच दोनशे किलोची गाडी हातात घेऊ नका, ती 'शोभतीय' म्हणून तर अजिबात नाही. आम्हा जाड माणसांना वाटतं आपण गाडी पायानं सावरू. खडीवर थांबताना गाडी एका बाजूला कलली की तिचं वजन आणि आपलं वजन एकाच बाजूला जातं. आपलं वजन तेव्हा आपल्या बाजूनं नसतं. फायदा एकच, डबल स्टँड आम्ही नुसतं पाय ठेवून लावतो. पोरं बघत राहतात.

दुसरी गोष्ट, शॉकॲब्सॉर्बर. इथं माझ्या लेकीनं काम केलं. सातवीत आहे. आईच्या शिवणाचा टेप आणला. गाडी डबल स्टँडवर असताना मागच्या चाकाच्या नटापासून वर सीटखालच्या खुणेपर्यंत माप घेतलं. मग गाडी खाली उतरवून मी बसलो, मित्रानं पुढून धरली, तिनं पुन्हा माप घेतलं. "पप्पा, ४८ मिलिमीटर खाली." त्या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला शंभर मिलिमीटरच्या आसपास जागा. बसल्याबरोबर निम्मी संपली. साधारण तिसरा हिस्सा खाली जावा, तर खड्ड्यासाठी काही उरतं. मागच्या स्प्रिंगला खाली खाचा असतात, पान्यानं फिरवून वरच्या खाचेत न्या, गाडी थोडी वर येते. पण एक लक्षात ठेवा, त्यानं स्प्रिंग ताठ होत नाही, फक्त उंची परत मिळते. आमच्या शाळेच्या रस्त्याला हे पुरत नाही. तो रस्ता तुम्ही बघितला नाही, नाहीतर लिहायची गरज नव्हती.

तिसरी, टायरवरचा नंबर. साईजच्या पुढं दोन आकडे आणि एक अक्षर असतं. त्या दोन आकड्यांना किलोचा अर्थ असतो. ४९ म्हणजे तो एक टायर १८५ किलो पेलतो, ५७ म्हणजे २३०, ६६ म्हणजे ३००. बसल्यावर भाराचा मोठा वाटा मागच्या टायरवर येतो. मित्र एवढी वर्षं दुचाकी चालवतो, त्यालाही हे माहीत नव्हतं. मग आम्ही दोघं वेड्यासारखं कराडात उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर वाकून वाचत फिरलो. एका माणसाला वाटलं आम्ही फायनान्सवाले, गाड्या ओढायला आलोय.

चौथी, ब्रेक. वजन दीडपट तर थांबवायला लागणारी ताकद दीडपट. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचा आहे, १२५ पर्यंत नाही, तिथं दोन्ही ब्रेक जोडलेले असले की झालं. पण वरच्या गाड्यांतही काहींना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतो. आम्ही दोन्ही चाकांना हवा असं ठरवलं. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. पाच-दहा हजार वाचवायला तिथं काटछाट नको.

पाचवी, हेल्मेट. डोक्याचा घेर ६३ सेंटिमीटर. गावातल्या दुकानात मोठ्यात मोठं घातलं तर कानशिलं दुखायला लागली आणि हनुवटीखाली पट्टा पोचेना. दुकानदार म्हणाला, "पट्टा न लावता घाला, पावती होत नाही." मी म्हटलं, मला पोलिसांसाठी नकोय, डोक्यासाठी हवंय. शेवटी पुण्याहून आणलं. (गाडीबरोबर मिळालेलं बायकोला बरोबर बसलं.)

गाडीकडं येतो. मनात होती ४५० सीसीची हिमालयन. उंच, लांब स्प्रिंगची, खड्ड्याची. पण २२ सप्टेंबरपासून जीएसटीची नवी रेघ आली. ३५० सीसीपर्यंत २८ वरून १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. शिक्षकाच्या पगारात रेघेच्या अलीकडंच थांबावं लागतं. त्यातून ८२५ मिलिमीटरची सीट, नवशिका, आणि चढावर एका पायावर थांबायचं. मित्र म्हणाला, "पुढच्या गाडीला बघू." पुढची गाडी! मी अजून पहिली घेतली नव्हती.

शेवटी घेतली मिटिअर ३५०. १९१ किलोची, म्हणजे हलकी नाहीच. पण तोवर माझे दीड महिन्याचे रविवार झाले होते, आणि सीट ७६५ मिलिमीटरवर, दोन्ही पाय सपाट जमिनीला. पाय पुढं ठेवायची जागा, त्यामुळं पोट टाकीवर चेपत नाही. जाड माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. दोन्ही चाकांना एबीएस. आणि खरं कारण सांगू का, अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर. मागच्या टायरवर ६६ लिहिलंय. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते. बाकी सगळं मी डोक्यानं निवडलं, हे एवढं मी कुंभार्ली घाटानं निवडलं. बुटकी गाडी आहे, खड्डा बघून घ्यावा लागतो. चालायचंच.

आता राहिली मागची सीट.

मी जेवढ्या गाड्यांची कागदं बघितली, त्यात पेलायच्या वजनाचा आकडा दोनशेच्या वर गेलेला मला सापडला नाही. मोठ्या गाडीचं इंजिन मोठं, स्वतःचं वजन मोठं, पण तुमच्या वाट्याला येणारे किलो त्या मानानं वाढत नाहीत. बुलेटवर चौघं बसतात, हे बसण्यापुरतं खरं आहे. बायकोचं वजन ५८. माझे साहित्यासह १२७. झाले १८५, तिचं हेल्मेट आणि पर्स सोडून. हिशेब काठाच्या बाहेरच जातो.

हे तिला सांगायचं कसं? लग्नाला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत ती एकदाही माझ्या मागं दुचाकीवर बसली नाही, कारण दुचाकीच नव्हती. तिच्या बहिणी, जावा, सगळ्या साडीचा पदर खोचून नवऱ्याच्या मागं बसून गेलेल्या तिनं बघितलंय. दसऱ्याला गाडीला हार घातला, लिंबू ठेवलं, आणि ती मागच्या सीटवर हात फिरवून म्हणाली, "मऊ आहे की." मी तेव्हा काही बोललो नाही. दोन दिवसांनी कागद दाखवला.

तिनं बेरीज बघितली. म्हणाली, "अहो, म्हणजे गाडी घेतली आणि मी बसनंच."

मी म्हटलं, "लांबचं बसनं."

"आणि जवळचं?"

जवळचं नेतो. मंडईत नेतो, कृष्णामाईच्या घाटावर नेतो. मागच्या टायरला डबलसीटची हवा भरून, स्प्रिंग शेवटच्या खाचेत घालून, तिसाच्या वर काटा जाऊ न देता. घाटात नेत नाही, हायवेला नेत नाही. नियमात बसतं का? नाही बसत. सगळी पोस्ट आकड्यांवर लिहून शेवटी मी पाच-सात किलोला डोळा मारतो, हे मला कळतंय. तुम्ही बोला, मी ऐकून घेईन. तिनं मात्र यावर स्वतःचा मार्ग काढलाय. लेकीला घेऊन रविवारी मार्केट यार्डात जाते, शेजारच्या वहिनींची स्कूटर घेऊन. मला बघायला यायचं नाही अशी अट आहे.

आता शाळेत गाडीनं जातो. फाट्यावर कधी कुणी हात करतं. मी गाडी हळू करतो, त्याला नीट बघतो, मनात बेरीज करतो. बारकं पोरगं असलं तर घेतो. नाहीतर गिअर टाकतो. तो माणूस माझ्याकडं कसा बघत असेल ते मला माहीत आहे, चार महिने मी तिथंच उभा होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मित्र कुंभार्ली घाट उतरून आलो. दोन गाड्या, एकेकटे. तो पुढं, मी मागं. उसाच्या ट्रॉल्या अजून सुरू झाल्या नव्हत्या, रस्ता मोकळा होता. ते वळण आलं. वाटलं तो थांबेल. तो थांबला नाही, नुसता हळू झाला. मीही हळू झालो. गवत तसंच होतं, किंवा मला तसं वाटलं.

खाली पोफळीला चहाला थांबलो. तो गाडीवरून उतरला, उजव्या पायावर झुकत माझ्या गाडीपाशी आला, वाकला आणि अंगठ्यानं मागचा टायर दाबून बघितला.

"सकाळी बघितलीस ना हवा?"

"बघितली."

"किती?"

सांगितली. मग त्यानं चहा सांगितला, दोन, एक बिनसाखरेचा.